दोष कुळाचा कीं भांड्याचा?

गेल्या पावसाळ्यांत एका वडील स्नेह्यांच्या आग्रहावरून दोन दिवस लोधिवलीस जाऊन राहण्याचा योग आला. मुंबई-पुणें जुन्या रस्त्यावर, चौकच्या परिसरांत, खालापूर तालुक्यांतील हें गांव. एकीकडे पाताळगंगेच्या खोऱ्यांतील कारखाने आणि दुसरीकडे ढगांत डोकें खुपसून बसलेला इर्शाळगड, अशी येथील नव्याजुन्याची शेजारवस्ती आहे. स्नेह्यांचें घर जुनें, कौलारू, माळ्याचें. परंतु घरांतील नवी पिढी शहरांत शिकलेली. त्यांच्या नातीनें एक इराणी जातीचें मांजर पाळलें आहे. चपट्या नाकाचें, सायीच्या रंगाचें तें मांजर ओसरीवरच्या झोपाळ्यावर असें कांहीं ऐटींत बसतें, कीं घर त्याचें आणि आपण सारे त्याचे पाहुणे असें वाटावें!

जेवणें झाल्यावर त्या मुलीनें मला दोन कागद आणून दाखविले. पहिल्यावर त्या मांजराची वंशावळ होती. श्राद्धाच्या वेळीं बाप, आजा, पणजा या तीन नांवांपलीकडे आपली गाडी सहसा जात नाहीं; येथें मांजराचे पूर्वज त्याहून दूरवर ओळीनें नोंदलेले होते. दुसरा कागद प्रयोगशाळेचा होता. इराणी मांजरांत एक आनुवंशिक विकार आढळतो; त्यांत मूत्रपिंडांत, आणि कधीं कधीं यकृतांतही, पाण्यानें भरलेले फोड वाढत जातात आणि ऐन वयांत तें जनावर दगावतें. "काका, हिच्या रक्तांत तो दोष नाहीं," असें ती मुलगी मोठ्या समाधानानें म्हणाली. मीही कौतुक केलें आणि तो विषय तेथेंच संपला, असें मला वाटलें.

दुपारीं पावसानें जोर धरला. बाहेर पडण्याची सोय नव्हती म्हणून यजमानांनीं माळ्यावरचीं जुनीं भांडीं खालीं काढविलीं. हंडे, घंगाळ, तपेलीं, बोगणीं, एक बंब आणि एक पितळेची चरवी. यजमानांच्या वडील भगिनी नव्वदीच्या घरांत आहेत. घरांत सारे त्यांना आक्का म्हणतात. त्यांनीं ती चरवी हातांत घेतली, पदरानें पुसली आणि म्हणाल्या, "ही आईची दुधाची चरवी. हिच्यांतलें दूध पिऊन आम्ही सारीं वाढलों. माझ्या पाठचे दोघे भाऊ मात्र लिव्हरनें गेले. एक वर्षाचा होऊन, एक दीड वर्षाचा होऊन."

हीं दोन वाक्यें त्यांनीं एकापाठोपाठ उच्चारलीं; पण त्यांचा एकमेकांशीं कांहीं संबंध असेल अशी शंका त्यांच्या मनांत नव्हती. मी मात्र दचकलों. कारण सुमारें शंभर वर्षें हिंदुस्थानांतील डॉक्टरांना ज्या कोड्यानें छळलें, त्याचीं दोन्हीं टोकें त्या म्हातारीच्या तोंडून सहज बाहेर पडलीं होतीं. त्या कोड्याचा इतिहास वाचकांपुढें मांडावा म्हणून हा लेख लिहीत आहें.

आपल्या आज्यापणज्यांच्या पिढीला 'लिव्हर' हा शब्द इंग्रजी म्हणून ठाऊक नव्हता. तें एका रोगाचें नांव होतें. "मुलाला लिव्हर झाली" एवढें म्हटलें, कीं ऐकणाराचा चेहरा उतरत असे. सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतचें, अंगानें चांगलें बाळसेदार मूल हळूहळू किरकिरें होई. भूक मंदावे, पोट फुगूं लागे. वैद्य किंवा डॉक्टर उजव्या बरगडीखालीं बोटें घालून पाही, तों यकृत दगडासारखें कठीण झालेलें आणि त्याची कड धारदार लागे. पुढें डोळे पिवळे होत, पोटांत पाणी होई, आणि कांहीं महिन्यांतच सारा खेळ आटोपे. क्वचित् एखादें मूल वांचे; बाकीच्यांसाठीं अंगारे, धुपारे, काढे आणि बाटल्या. मद्रासकडील जम्मी यांचें यकृतावरील औषध देशभर खपत असे, यावरूनच या भीतीचा विस्तार ध्यानांत येईल.

इ. स. १८८७ मध्यें कलकत्त्याचे डॉ. सेन यांनीं लहान मुलांच्या वाढलेल्या यकृताविषयीं लिहिलें, तो या रोगाचा वैद्यकीय वाङ्मयांतील पहिला उल्लेख समजतात. १८९१ मध्यें गिबन्स यांनींही त्याचें वर्णन केलें. पुढें बंगाल, मद्रास, म्हैसूर, पंजाब आणि आपला महाराष्ट्र अशा निरनिराळ्या प्रांतांतून तशाच हकीकती येऊं लागल्या. इतर देशांत असा रोग फारसा दिसेना, म्हणून त्यास 'भारतीय बालयकृतकाठिण्य' अशा अर्थाचें इंग्रजी नांव मिळालें. आपल्या देशाचें नांव लागलेल्या कांहीं गोष्टी भूषणाच्या असतात. ही त्यांतली नव्हती.

या रोगाच्या कांहीं खोडी आरंभापासूनच लक्षांत आल्या होत्या. तो मुलींपेक्षां मुलग्यांत अधिक दिसे. हिंदु कुटुंबांत, त्यांतही शाकाहारी आणि खाऊनपिऊन सुखी अशा मध्यम वर्गांत, तो पुष्कळ आढळे. मुसलमान व ख्रिस्ती कुटुंबांत क्वचित्. दुष्काळ आणि दारिद्र्य यांच्या पाठीमागून येणारे रोग आपल्या परिचयाचे आहेत. हा रोग मात्र दुभत्याच्या घरीं येई. आणि सर्वांत भयंकर गोष्ट ही, कीं तो एका घरांत शिरला म्हणजे पुष्कळदां एका बळीनें थांबत नसे. पहिलें मूल गेलें, दुसरें गेलें, तिसऱ्याच्या वेळीं आई दिवस मोजीत बसे.

एवढें दिसल्यावर मनुष्याच्या मनांत कोणता विचार येईल? रोग जातींत आहे, घराण्यांत आहे, भावंडांत आहे. तेव्हां तो रक्तांतच असला पाहिजे. डॉक्टरांनीं त्यास आनुवंशिक प्रवृत्ति म्हटलें, लोकांनीं कुळाचा शाप म्हटलें. मलेरिया, अतिपोषण, तूप-साखर, विषाणु, बुरशी लागलेल्या धान्यांतील विष, असे नाना तर्क झाले. परंतु 'घराण्यांतला दोष' हा तर्क त्या साऱ्यांना पुरून उरला. आणि घराण्यांतला दोष एकदां मानला, कीं आपल्या समाजांत तो कोणाच्या पदरांत पडतो हें सांगावयास नको. आक्का सांगत होत्या, "आईच्या दुधांतच विष आहे, असें आजी म्हणायची. दुसरा गेल्यावर आईनें तिसऱ्याला पाजायचेंच सोडलें." म्हणजे जें अमृत त्या बाळास तारणारें होतें, तेंच संशयापायीं बंद झालें; आणि त्या जागीं आली चरवी!

येथें क्षणभर थांबून आनुवंशिक रोग म्हणजे काय, तें पाहूं. १८६५ मध्यें ग्रेगोर मेंडेल या ऑस्ट्रियन धर्मगुरूनें वाटाण्याच्या झाडांवरील आपले प्रयोग विद्वानांपुढें मांडले. प्रत्येक गुणाचे दोन अंश असतात, एक आईकडून व एक बापाकडून आलेला. आणि कांहीं गुण असे असतात कीं दोन्ही अंश सदोष असल्यावांचून ते प्रगट होत नाहींत, हें त्यावरून पुढें स्पष्ट झालें. अशा अप्रभावी दोषाचे आईबाप स्वतः धडधाकट असतात. परंतु दोघांच्याही ठिकाणीं तो लपलेला असला, तर त्यांच्या प्रत्येक अपत्याला तो रोग होण्याचा संभव चारांत एक एवढा असतो.

यकृताच्या बाबतींत याचें प्रसिद्ध उदाहरण म्हणजे विल्सनचा विकार. १९१२ मध्यें किनिअर विल्सन यांनीं त्याचें वर्णन केलें. आपल्या अन्नांत थोडें तांबें नेहमींच असतें आणि शरीरास तें आवश्यकही आहे. अधिक झालेलें तांबें यकृत पित्तावाटे बाहेर टाकतें. हें काम करणारें प्रथिन ज्या जनुकावरून घडतें, तें १९९३ मध्यें सांपडलें. तें तेराव्या गुणसूत्रावर आहे. हें जनुक दोन्हीं बाजूंनीं बिघडलेलें असेल, तर तांबें सांचत जातें, आणि प्रथम यकृत व मग मेंदू यांचा नाश करतें.

मुक्या प्राण्यांतही हाच प्रकार आहे. इंग्लंडच्या उत्तर भागांत बेडलिंग्टन टेरियर नांवाची, कोंकरासारखी दिसणारी कुत्र्यांची जात आहे. तिच्या यकृतांत तांबें सांचून कुत्रीं मरतात हें १९७५ च्या सुमारास उघड झालें, आणि हा दोष अप्रभावी रीतीनें वंशांत उतरतो हेंही लवकरच सिद्ध झालें. २००२ मध्यें हॉलंडमधील उट्रेख्ट येथील संशोधकांनीं त्याचें जनुक शोधून काढलें. रोगी कुत्र्यांत त्या जनुकाचा एक तुकडाच गळालेला होता. मांजरांकडे शास्त्रज्ञांचें लक्ष थोडें उशिरां गेलें. इराणी मांजरांतील फोडांच्या विकाराचें मूळ २००४ मध्यें कॅलिफोर्नियांत लेस्ली लायन्स व त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें: एका लांबलचक जनुकांत एका अक्षराची चूक, आणि त्यामुळें अपुरें राहणारें प्रथिन. हा दोष प्रभावी आहे, म्हणजे तो एका बाजूनें आला तरी पुरे. पुढें तांबें सांचून यकृत बिघडलेलीं मांजरेंही आढळलीं, आणि कांहीं मांजरांत विल्सनच्याच जनुकांत फेरफार दिसून आले.

शुद्ध वंशाच्या जनावरांत असे दोष इतके का माजतात? कारण उघड आहे. शुद्धता राखण्यासाठीं वंशाचीं दारें बंद करावीं लागतात. एखाद्या देखण्या बोक्यास बक्षीस मिळालें, कीं सारेजण त्याचीच संतति मागतात. मग त्याच्या सौंदर्याबरोबर त्याचा लपलेला दोषही शेंकडों घरांत वांटला जातो. परंतु याच बंद दारांमुळें संशोधकांची सोय होते. वंशावळ लेखी असते, पिढ्या लवकर होतात, आणि दोष कोणत्या वाटेनें उतरला तें बोटानें दाखवितां येतें. लोधिवलीच्या त्या मुलीच्या हातांतील दुसरा कागद हें त्याचें फळ होय.

आतां आपल्या कोड्याकडे वळूं. १९७९ मध्यें 'लॅन्सेट' या इंग्रजी वैद्यकीय पत्रांत दोन शोधनिबंध प्रसिद्ध झाले. एकांत हान्स पॉपर यांच्यासह भारतीय विकृतिशास्त्रज्ञ एन्. सी. नायक हे होते. दुसऱ्यांत लंडनच्या डॉक्टरांबरोबर स्टुअर्ट टॅनर व पुण्याचे आनंद पंडित हे होते. दोहोंचा निष्कर्ष एकच: या मुलांच्या यकृतांत तांबें भरलेलें आहे. दगडफुलाच्या जातवाल्यांपासून मिळणारें ऑर्सीन नांवाचें एक रंगद्रव्य आहे. त्यानें यकृताचा पातळ काप रंगविला, कीं तांबें धरून ठेवलेल्या जागीं तपकिरी कण उमटतात. या मुलांच्या पेशी अशा कणांनीं गच्च भरलेल्या दिसत. निरोगी प्रौढाच्या यकृतांत दर ग्रॅम कोरड्या वजनास सुमारें ५० मायक्रोग्रॅमपर्यंत तांबें असतें. येथें तें पुष्कळदां हजाराच्याही पुढें होतें.

हें वाचून कोणासही वाटेल, कीं झालें, हा विल्सनचाच भाऊ. रक्ताचा दोष सिद्ध झाला. परंतु पुण्याच्या के. ई. एम्. रुग्णालयांतील आनंद पंडित आणि शीला भावे यांनीं टॅनर यांच्यासह एक साधा प्रश्न विचारला. एवढें तांबें आलें कोठून? आणि त्याचें उत्तर त्यांनीं सूक्ष्मदर्शकाखालीं न शोधतां स्वयंपाकघरांत शोधलें. मुलाला आईचें दूध किती दिवस मिळालें? वरचें दूध केव्हां सुरू झालें? तें कोणत्या भांड्यांत तापवीत आणि कोणत्या भांड्यांत ठेवीत? १९८३ मध्यें त्यांनीं आपला संशय 'लॅन्सेट'मध्यें मांडला: जन्मानंतर लवकर सुरू केलेलें, तांब्यापितळेच्या भांड्यांतलें जनावराचें दूध हें या रोगाचें कारण असावें. १९८७ मध्यें रोगी मुलांची निरोगी मुलांशीं जोडीजोडीनें तुलना करून त्यांनीं दाखविलें, कीं रोगी मुलांच्या घरीं वरचें दूध लवकर सुरू झालेलें होतें, आणि तें पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यांत ठेवण्याची रीतही तेथें कितीतरी अधिक होती.

हें ऐकून आपल्यापैकीं पुष्कळांस धक्का बसेल. तांबें म्हणजे पवित्र धातु. संध्येची पळी तांब्याची, पूजेचें ताम्हन तांब्याचें. पुण्यांत कसबा पेठेंत तांबट आळी आहे, आणि तेथील हातोड्यांच्या नादावर पिढ्यान् पिढ्या झोपल्या व जागल्या. मग दोष कोठें आला? दोष धातूचा नव्हे, संगतीचा. शुद्ध पाणी पितळेंतून फारच थोडें तांबें उचलतें. दूध मात्र, विशेषतः तापवून तसेंच ठेवलेलें, तें भराभर उचलतें, आणि तें तांबें दुधांतील केसीन या प्रथिनास चिकटून बाळाच्या पोटांत जातें. गाईच्या दुधांत मूळचें तांबें आईच्या दुधाहूनही कमी असतें. म्हणजे गाय निर्दोष आणि आईही निर्दोष. शिवाय नवजात बाळाच्या यकृतांत निसर्गानेंच तांब्याचा मोठा सांठा करून ठेवलेला असतो. पहिल्या कांहीं महिन्यांत तो हळूहळू उतरावयाचा असतो. तांबें बाहेर टाकण्याची बाळाची शक्ति तेव्हां अजून पक्की झालेली नसते. भरलेल्या कोठारांत आणखी पोतीं ओतावीं, तसा हा प्रकार होता.

आपल्या पूर्वजांस हें मुळींच ठाऊक नव्हतें असें नाहीं. ताक, कढी, चिंच यांना पितळ चालत नाहीं, तीं कळकतात, हें प्रत्येक गृहिणी जाणून होती. म्हणून तर भाता आणि नवसागर घेऊन कल्हईवाला दारोदार फिरे आणि भांड्याला आंतून कथलाचा पांढरा मुलामा देई. परंतु आंबट पदार्थ कळकलेला जिभेस कळतो; दूध कळत नाहीं. त्याची चव बदलत नाहीं, रंग बदलत नाहीं. म्हणून चरवीच्या आणि बोंडल्याच्या कल्हईची चिंता कोणी तितकी केली नाहीं.

आतां त्या जुन्या खोडींचा अर्थ लागूं लागतो. रोग सुखी घरांत अधिक कां? कारण पितळेची चरवी आणि दारचें दुभतें त्यांच्याच घरीं. गरिबाचें मूल दोन वर्षें आईच्या अंगावर पीत होतें, आणि त्याच्या घरचें मडकें मातीचें होतें. एकाच घरांतलीं भावंडें कां दगावत? येथेंच सारी ग्यानबाची मेख आहे. भावंडें रक्ताचीं वारस असतात तशीं घराचींही वारस असतात. चरवी सासूकडून सुनेकडे येते, आणि वरचें दूध केव्हां सुरू करावें, कशांत तापवावें, ही रीतही तिच्याबरोबर येते. वंशावळीच्या कागदावर नांवांखालीं नांवें उतरत जातात. पण त्या रेघेवरून रक्त उतरलें कीं भांडें उतरलें, हें तो कागद सांगत नाहीं.

या निदानाची कसोटी दोन प्रकारें झाली. पहिली औषधाची. विल्सनच्या विकारावर १९५६ मध्यें जॉन वॉल्श यांनीं पेनिसिलामाईन हें तांबें ओढून मूत्रावाटे बाहेर काढणारें औषध आणलें. तेंच पुण्यांत या मुलांना देऊन पाहिलें. फार उशीर झालेला नसेल तर कांहीं मुलें वांचलीं. आणि महत्त्वाची गोष्ट ही, कीं वांचलेल्या मुलांचें औषध पुढें थांबविलें तरी रोग परत आला नाहीं. विल्सनच्या रोग्याला जन्मभर उपचार लागतो, कारण त्याचा दोष जन्मभराचा. या मुलांचें यकृत मात्र तांब्याचा मारा थांबतांच आपलें काम करूं लागलें. दुसरी कसोटी प्रतिबंधाची. बाळाला आईचें दूध द्या, वरचें दूध पितळेंत किंवा तांब्यांत ठेवूं नका, एवढाच उपदेश पुणें भागांत खेड्यापाड्यांतून करण्यांत आला. इकडे ॲल्युमिनियम आणि स्टील यांनींही स्वयंपाकघर काबीज केलेंच होतें. ज्या रोगाचीं मुलें रुग्णालयांत नित्य येत, तो विसाव्या शतकाच्या अखेरीस दुर्मिळ झाला. आजच्या तरुण डॉक्टरांपैकीं कित्येकांनीं तो केवळ पुस्तकांत पाहिला आहे.

तथापि येथें थांबलों तर तें अर्धें सत्य होईल. आक्कांनीं त्याच चरवींतलें दूध पिऊन नव्वदी गांठली आहे, ही गोष्ट वाचकांच्या ध्यानांतून गेली नसेल. लाखों बाळें पितळेंतलें दूध प्यालीं. त्यांपैकीं थोडींच या रोगानें गेलीं. मग त्या थोड्यांतच काय उणें होतें?

या प्रश्नावर प्रकाश पडला तो दूरच्या ऑस्ट्रियांतून. तिरोल या डोंगराळ प्रांतांत १९०० ते १९७४ या काळांत १३८ बालकें तंतोतंत अशाच रोगानें मेलीं. इन्सब्रुकचे टोमास म्युलर व त्यांचे सहकारी यांनीं १९९६ मध्यें त्यांच्या वंशावळी जुळविल्या, तेव्हां दोन गोष्टी हातीं आल्या. एक, रोगाची वांटणी मेंडेलच्या अप्रभावी दोषाशीं जुळत होती. दोन, तीं सारीं बाळें कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यांत शिजविलेल्या गाईच्या दुधावर वाढलेलीं होतीं, आणि तीं भांडीं जाऊन दुसरीं आलीं, तसा रोगही गेला. रक्त तेंच राहिलें. भांडें बदललें आणि मुलें जगलीं. म्हणजे दोष कुळाचाही होता आणि भांड्याचाही. दोहोंची गांठ पडल्यावांचून अनर्थ होत नव्हता.

मग तो कुळाचा दोष कोणता? बेडलिंग्टन कुत्र्यांचें जनुक सांपडतांच शास्त्रज्ञांस आशा वाटली. २००३ मध्यें अशा बालरोग्यांच्या रक्तांत तें तपासून पाहिलें. परंतु तेथें तें निर्दोष निघालें. कुत्र्याची किल्ली माणसाच्या कुलपास लागली नाहीं. आणि सर्वच तज्ज्ञ तांब्याच्या सिद्धांतावर समाधानी आहेत असेंही नाहीं. १९७९ च्या शोधांत ज्यांचा वाटा होता, त्याच नायक यांनीं २०१३ मध्यें ए. आर्. चितळे यांच्यासह लिहितांना, भांड्यांतील तांबें हेंच मूळ कारण आहे असें सिद्ध झालेलें नाहीं, असा आक्षेप नोंदविला आहे. तांबें हें कारण नसून दुखावलेल्या यकृताचें लक्षण असूं शकेल, हा विचार फेंकून देण्यासारखा नाहीं. माझ्यासारख्या इतिहासाच्या शिक्षकानें यावर निवाडा देणें हा आगाऊपणा होईल. मला एवढेंच म्हणावयाचें आहे, कीं ज्या उपायांत आईनें पाजावें आणि भांडें बदलावें एवढाच खर्च होता, त्यासाठीं अंतिम निवाड्याची वाट न पाहणारे डॉक्टर पुण्यांत होते, हें आपलें भाग्य होय.

या सगळ्या इतिहासांत मला एक गोष्ट विशेष टोंचते. आनुवंशिकतेचें शास्त्र हें दुधारी हत्यार आहे. मांजराच्या बाबतींत दोष दिसला, तर त्या मांजराची वीण थांबवितां येते आणि प्रश्न मिटतो. माणसाच्या बाबतींत 'दोष रक्तांत आहे' असें म्हटलें, कीं पुष्कळदां शोधच थांबतो. रक्त बदलतां येत नाहीं. म्हणून मग सून बदला, सोयरीक मोडा, नशिबाला हात लावा. सुमारें शंभर वर्षें आपण घराण्यांकडे बोट दाखवीत राहिलों, आणि त्या बोटासमोरच चुलीवर चरवी होती. आनुवंशिकता खोटी होती असें नव्हे; ती पुरती खरी नव्हती. आणि अपुऱ्या सत्याचा भार कोणी वाहिला? ज्या बायकांचीं मुलें गेलीं, त्यांनींच.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं निघण्यापूर्वीं हें सारें मीं आक्कांना, जमेल तितक्या सोप्या शब्दांत, सांगितलें. सांगावें कीं न सांगावें, याचा रात्रभर विचार केला होता. कारण आईचा दोष पुसतांना आईच्या हातानेंच तें दूध गेलें हेंही सांगावें लागत होतें. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें. मग यजमानांकडे पाहून म्हणाल्या, "तरीच तूं राहिलास. दोघे गेल्यावर ही वास्तु वाईट म्हणून तुला दोन वर्षें आजोळीं ठेवला होता." एका उदाहरणावरून शास्त्र ठरत नाहीं, हें मला माहीत आहे, म्हणून मी कांहीं बोललों नाहीं. थोड्या वेळानें त्यांनीं विचारलें, "म्हणजे आईच्या दुधांत कांहीं नव्हतें ना?" मीं म्हटलें, "नाहीं, आक्का. तेंच तेवढें चांगलें होतें."

त्या नातीनें, तांब्याच्या भांड्यांतलें पाणी पिण्याची हल्लीं फार टूम आहे, तेव्हां ही चरवी घासून पाण्याला घेऊं का, असें विचारलें. आक्कांनीं चरवी तिच्या हातांतून काढून घेतली. "पाणी भर, फुलें ठेव, काय वाटेल तें कर," त्या म्हणाल्या, "दूध मात्र हिच्यांत घालूं नकोस. मांजराचेंसुद्धां नको."